गिरणीवाल्या मावशींची सही

सही करण्याआधी मावशी कोपरापर्यंत हात धुवायच्या. गिरणीच्या मागच्या दाराशी एक नळ होता आणि त्याच्या बाजूला नारळाच्या करवंटीत साबणाची वडी. समोर बँकेचा फॉर्म घेऊन माणूस कितीही घाईत उभा असो, मावशी आधी गिरणी बंद करणार, डोक्याचा रुमाल सोडून झटकणार, हात धुणार, पदराला न पुसता तसेच वाळू देणार आणि मग खुर्चीत बसून पेन मागणार. शिक्षण चौथीपर्यंतचं. प्रत्येक अक्षर सुटं आणि गोल. 'यमुनाबाई' लिहून झालं की खाली एक सरळ रेघ ओढायच्या आणि मान मागे घेऊन एकदा बघायच्या. सही करताना त्यांचा खालचा ओठ जरासा पुढे यायचा. एरवी दिवसभर भुवयांपर्यंत पिठात बुडालेली ही बाई त्या दोन मिनिटांपुरती एकदम हेडमास्तरीण वाटायची.

आजच्या मुलांना यातलं काहीच कळायचं नाही. तेव्हा बँकेत खातं उघडायचं तर त्या बँकेतल्या जुन्या खातेदाराची सही लागायची. 'मी या व्यक्तीला ओळखतो' एवढंच लिहिलेलं असायचं, पण त्या एका ओळीसाठी माणसं वणवण फिरायची. देवळाली कॅम्पात तर जास्तच. इथली अर्धी वस्ती बदलीवर आलेली. फौजी कुटुंबं यायची, दोन-तीन वर्षांत जायची. कुणी पेठहून कामाला आलेलं, कुणी दिंडोरीची शेती भावाला सोडून इथं भाड्याने राहिलेलं. कोण कुणाची ओळख देणार? पण दळण सगळ्यांनाच लागतं. त्यामुळे मावशी सगळ्यांना ओळखायच्या आणि आमच्या गल्लीतली निम्मी पासबुकं त्यांच्या सहीवर उभी होती.

बँकेच्या साहेबांनी त्यांना एकदा समजावलं होतं म्हणे, की बाई, ही सही म्हणजे जामीन नव्हे, तुम्ही एवढा विचार करू नका. मावशींना ते काही पटलं नाही. "ओळखते असं लिहिलं हाय ना? मग ओळखायला नको?" सही मागणाऱ्याच्या घरी त्या आधी जाऊन यायच्या. चहा प्यायच्या. काय बघायच्या कोण जाणे, पण बघायच्या. आणि एकच विचारायच्या, "खातं कशाला पायजे?" 'पैसे ठेवायला' असं उत्तर आलं की त्यांच्या कपाळाला आठी. "पैसे तर डब्यात बी ऱ्हात्यात. कशाला पायजे ते सांग, म्हणजे कुठं पायजे ते मी सांगते."

धंदा करणाऱ्याला त्यांचं पहिलं सांगणं ठरलेलं होतं. घरचं खातं वेगळं, धंद्याचं वेगळं, आणि जमलं तर बँकही वेगळी. "मिरचीच्या मागं गहू दळला तर पोळी तिखट लागती. गिरणीचा दोष नाय, गव्हाचा बी नाय. एकामागं एक घातलं हा आपला दोष." हे शहाणपण त्यांना पुस्तकातून आलेलं नव्हतं. नवरा गेल्यानंतर गिरणी त्यांनी एकटीने चालवली. घर आणि गिरणी एकाच खात्यात. मोठ्या मुलाचं, प्रकाशचं लग्न निघालं, खर्च हाताबाहेर गेला आणि त्याच वर्षी ऐन दिवाळीत गिरणीचा पट्टा तुटला. चकलीच्या भाजणीचे डबे दारापासून रस्त्यापर्यंत लागलेले आणि नवा पट्टा आणायला खात्यात काही नाही. "पट्टा मांडवात जेवून गेला," असं त्या हसत सांगायच्या. पण त्या दिवाळीत गिऱ्हाइकांनी भरलेले डबे उचलून दुसऱ्या गिरणीत नेले, हे सांगताना त्या हसायच्या नाहीत.

माझं आणि मावशींचं सुरुवातीला मुळीच पटत नव्हतं. मी मोजणारी बाई आहे. माहेरी सटाण्याला वडिलांचं किराणा दुकान, त्यामुळे तराजू माझ्या हाडात बसलेला. नवी आले तेव्हा पहिलंच दळण घरी आणून वजन केलं आणि कमी भरलं म्हणून तसाच डबा घेऊन परत गेले. मावशींनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उडतं पीठ. तुझं काय ऱ्हायलेलं आसंल ते माझ्या भुवयांवर हाय, झाडून घे," असं म्हणून त्यांनी चेहरा पुढे केला. रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी काही हसले नाही. उडतं किती असतं हे मलाही ठाऊक होतं. त्यानंतर प्रत्येक दळण मी घरी येऊन मोजायची आणि मावशींना ते माहीत होतं. "आली तराजूवाली," असं माझं स्वागत व्हायचं.

त्यांचं पटायचं ते डबा ठेवून निघून जाणाऱ्यांशी. असाच एक तरुण आमच्या गल्लीत भाड्याने आला. द्राक्षांच्या हंगामात पेट्यांची दलाली करतो म्हणायचा. कपडे स्वच्छ, बोलणं गोड. डबा ठेवायचा आणि "तुमच्याकडं काय मोजायचं, मावशी" म्हणत निघून जायचा. मावशी हरखून जायच्या. माणूस दुसऱ्यावर इतका विश्वास टाकतो म्हणजे त्याच्यावरही टाकायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब. त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या, खोली नीटनेटकी होती, हात धुऊन सही दिली.

काही महिन्यांनी कुणा व्यापाऱ्याचा चोरीला गेलेला चेक त्या खात्यातून वटला. खोलीला कुलूप आणि पोरगा गायब. हवालदार चौकशीला आला तो भर संध्याकाळी, गिरणीत डब्यांची रांग असताना. मीही रांगेत होते. "ही सही तुमचीच ना? मग ओळखता ना याला?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मावशींनी गिरणी बंद केली. एरवी त्या आवाजात ओरडून बोलायची सवय असलेल्या आम्हा बायकांना ती शांतता सहन होईना. मावशी म्हणाल्या, "सही माझीच हाय. माणूस मला कळला नाय."

कायद्याने त्यांना काही झालं नाही. दोन-तीनदा चौकीवर जाऊन यावं लागलं एवढंच. पण प्रकाशने घरात बजावलं की आता पुन्हा कुणाला सही द्यायची नाही, आणि मावशींनीही ते मुकाट ऐकलं. नळाजवळची करवंटी आत गेली. गल्लीतल्या बाकीच्या खातेदारांनीही धसका घेतला. ओळखीची सही म्हटलं की जो तो पेन हरवल्यासारखा खिसे चाचपायला लागला.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात मला सही हवी होती. मिस्टरांच्या अंबडच्या कंपनीला टाळं लागलं होतं. मी बाहेरच्या खोलीत दोन शिलाई मशिनी टाकून युनिफॉर्म शिवायला घेतले होते आणि कॅम्पातल्या एका शाळेने मोठं काम दिलं होतं. पण शाळा चेक देणार तो दुकानाच्या नावाने. दुकानाच्या नावाचं चालू खातं शाळा उघडण्याआधी झालं पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, असं तिथल्या क्लार्कने स्पष्ट सांगितलं. कापड घरात येऊन पडलं होतं. गल्लीभर फिरून झालं. मिस्टरांच्या मित्रांची खाती तिकडे अंबडला. शेजारचे सुभेदार भले माणूस, पण त्यांचं खातं त्यांच्या गावी. शेवटी दळणाचा डबा घेऊन मावशींकडे गेले आणि दळण होईस्तोवर सगळं सांगितलं.

"नाय गं," मावशी म्हणाल्या. "आता नाय करत मी सह्या." आवाजात राग नव्हता. डबा उचलून घरी आले. डोळ्यांत पाणी होतं, पण सवय कुठे जाते? डबा तराजूवर ठेवला. पीठ कमी होतं. उडत्या पिठाच्या हिशेबाने नव्हे, चांगलंच कमी.

मिस्टर म्हणाले, "आज राहू दे. उद्या पुन्हा त्यांच्याच पाया पडायला जायचंय आपल्याला." त्यांचं खरं होतं. पण पीठ कमी आहे तर कमी आहे. मी डबा घेऊन परत गेले आणि म्हटलं, "मावशी, पीठ कमी आहे." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या काट्यावर डबा ठेवला, गिरणीपाशी गेल्या आणि जिथून पीठ खाली उतरतं त्या कापडी पिशवीला दोन थापा मारल्या. अडकलेलं पीठ भसकन खाली आलं. ते माझ्या डब्यात भरून त्यांनी झाकण लावलं. "झालं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणीच्या अगदी गर्दीच्या वेळी, मावशी आमच्या दारात उभ्या. डोक्याला रुमाल नाही, भुवया काळ्या. मला क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. आत येऊन बसल्या. मशिनी बघितल्या, कापलेल्या बाह्यांच्या चळती बघितल्या, एक शिवलेला सदरा उलटा करून टीप नखाने ओढून पाहिली. चहा प्यायल्या. मग विचारलं, "सही मागायला आलेलं माणूस त्याच दिवशी भांडायला येतं का गं?"

मी म्हटलं, "भांडायला नव्हते आले. पीठ कमी होतं."

"तेच म्हणते मी." थोडा वेळ त्या कपाच्या कानाशी खेळत राहिल्या. "तो पोरगा डबा सोडून जायचा. मला वाटायचं, काय विश्वास हाय. आता कळतं. ज्याला टिकायचंच नव्हतं त्यानं कशाला मोजायचं? तू मोजतीस. तुला इथंच ऱ्हायचं हाय." मला हुंदकाच फुटला. मावशींनी तो न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पेन्शनच्या दिवसांत जाऊ. तवा बँक खरी दिसती."

बँक निवडण्याची त्यांची रीत ही अशी. जाऊन बसायचं. काम काही नसताना, बाकावर, पिशवी मांडीत घेऊन. महिन्याच्या सुरुवातीला फौजेतले म्हातारे पेन्शनीसाठी येतात तेव्हा तर नक्कीच. मला घेऊन त्या आधी बाजारातल्या छोट्या बँकेत बसल्या, त्यांचं घरचं खातं होतं तिथं. तिथं साहेब सगळ्यांना नावाने हाक मारत होते, मावशींना चहाही विचारला. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "माणसं चांगली हायेत. पण ओळखीच्याला आधी घेत्यात. आज आपण ओळखीचे, उद्या नसलो मंग?" नवी काचेच्या दाराची बँक होती, तिथं गारवा आणि गुबगुबीत खुर्च्या. खात्यात कायम केवढी रक्कम ठेवावी लागेल हे तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. मावशींनी गिरणीतली पिठाळलेली नोट मोडून मागितली तेव्हा तिने ती चिमटीत धरली. "बँक वाईट नाय," मावशी बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पण तुझा धंदा अजून चिमटीत धरण्याएवढाच हाय."

मग सरकारी बँक. पंखे करकरणारे, रांग दारापर्यंत. आम्ही बसलो. एका खूप म्हाताऱ्या फौजीची सही जुळत नव्हती. हात कापत होता. खिडकीतला क्लार्क काही गोड बोलणारा नव्हता, चष्म्यावरून बघत होता. पण तो उठला, एक पुठ्ठा शोधून आणला, म्हाताऱ्याच्या कागदाखाली सरकवला आणि म्हणाला, "बाबा, निवांत करा. रांग कुठं पळत नाही." मावशींनी माझा हात दाबला. "हितंच उघड," म्हणाल्या. "आज तुला पुठ्ठा लागत नाय. पण खातं काय आजच्यापुरतं असतं का?"

त्यांचं स्वतःचं गिरणीचं खातं त्याच बँकेत होतं. आम्ही टेबलाशी गेलो तेव्हा साहेब त्यांना बघून चपापले. "यमुनाबाई, पुन्हा सही? मागचं विसरलात वाटतं." मावशी म्हणाल्या, "नाय विसरले. विसरले आसते तर हिचं घर बघून आले नसते." आणि पेन हातात घेण्याआधी त्या उठून व्हरांड्यात गेल्या. पिण्याच्या पाण्याचा नळ होता, तिथं कोपरापर्यंत हात धुवायला लागल्या. वॉचमन ओरडला, बाई, ते प्यायचं पाणी आहे. मावशी म्हणाल्या, "जरा थांब रे दादा, सही करायची हाय."

माझं चालू खातं असं उघडलं. शाळेचा चेक वटला, पुढच्या वर्षी दुसरी शाळा आली, दोन मशिनींच्या पाच झाल्या. घरचं खातं मी मावशींच्या सांगण्याप्रमाणे वेगळं ठेवलं आणि दोन वाईट वर्षं केवळ त्यामुळे निभावली. दळण मोजणं काही सोडलं नाही. मावशींनी सह्या पुन्हा सुरू केल्या, करवंटी नळाशी परत आली. पण आता त्या डबा सोडून जाणाऱ्याकडेही जरा रोखून बघायच्या.

पुढे काळ बदलला. बँकांना ओळखीची सही लागेनाशी झाली. फोटो, रेशन कार्ड, पॅन कार्ड दिलं की काम व्हायचं. हे ऐकून मावशींनी विचारलं, "मंग ओळखत्यात कशावरून?" मी म्हटलं, "कागदावरून." "कागदाचं घर कुठं जाऊन बघायचं?" असं म्हणून त्या पुन्हा गिरणीत गहू ओतायला लागल्या. एव्हाना तयार आट्याच्या पिशव्या दुकानोदुकानी आल्या होत्या, घराघरांत छोट्या चक्क्या आल्या होत्या. गिरणी दिवसातून थोडा वेळच चालायची. फॉर्म घेऊन तर कुणीच येत नव्हतं. करवंटीतली वडी वाळून तिला भेगा पडल्या होत्या, तरी मावशी ती फेकत नव्हत्या.

आता मावशी नाहीत. गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. त्यांची आठवण आली की मला त्यांच्या आजारपणातला एक दिवस डोळ्यांसमोर येतो. प्रकाशचा फोन आला, "सुनीताताई, जरा बँकेत येता का? आईला घेऊन आलोय, पण अडलंय." मी होते तशी निघाले, साडीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मावशींचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता. बँकेत सगळं नवं, संगणक आलेले, तो चष्मेवाला क्लार्क केव्हाच निवृत्त झालेला. खिडकीत एक कोवळा मुलगा होता. स्क्रीनवर मावशींची जुनी सही होती, सुटी, गोल, खाली सरळ रेघ. समोरच्या कागदावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेषा. मुलगा अगदी अदबीने म्हणत होता, "आजी, जुळत नाही हो. मी तरी काय करू?"

मावशी कागदाकडे बघत होत्या. या बाईच्या सहीवर निम्मी गल्ली बँकेत गेली आणि आज तिचीच सही तिला आत घेईना. मी इकडेतिकडे पुठ्ठा शोधला. एका जुन्या फाइलीचं पुठ्ठ्याचं कव्हर मिळालं, ते कागदाखाली सरकवलं, पण हात तेवढ्याने थांबणारा नव्हता. शेवटी आतून साहेब आले. म्हणाले, "अंगठा चालेल. पण या बँकेतल्या कुणा खातेदाराने ओळखून सही केली पाहिजे." प्रकाशचं खातं होतं काचेच्या बँकेत. म्हणून मला बोलावलं होतं.

मावशींनी अंगठा दिला. शाईचं बोट त्यांनी पदराला लागू न देता वर धरून ठेवलं. कागद माझ्यापुढे आला. 'मी या व्यक्तीला ओळखते.' मी पेन घेतलं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांब. माझं घर बघितलं का?"

खिडकीतल्या मुलाला काही कळेना. मी म्हटलं, "बघितलंय, मावशी. चहा पण प्यायलाय."

"आन् पीठ?"

"पीठ कमी होतं."

त्या हसल्या. आजारपणात पहिल्यांदाच असं पोटातून हसल्या, प्रकाशही बघत राहिला. "मंग कर सही," म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर व्हरांड्यात गेले. नळाच्या जागी आता थंड पाण्याचं मशीन होतं. त्याच्या तोटीखाली मी कोपरापर्यंत हात धुतले. वॉचमन काहीतरी बोलला, मी ऐकलं नाही. आत आले, पदराला न पुसता हात तसेच वाळू दिले आणि मग सही केली.